बाळाचं ताट वेगळं मांडूया

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, दुपारच्या कीर्तनानंतर गावच्या अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशाताई यांनी मिळून केलेले भाषण)





आम्ही कोणी वक्ते नाही. आमच्यात अंगणवाडी सेविका आहेत, मदतनीस आहेत, आशाताई आहेत. इथं बसलेल्यांपैकी कोणाच्या आम्ही सुना, कोणाच्या लेकी, कोणाच्या शेजारणी. तुमच्या पडवीत येऊन पाटावर बसून बाळाचं वजन घेणाऱ्या त्या आम्हीच. सोहळा समितीनं सांगितलं, की कीर्तन आणि महाप्रसाद यांच्या मधे थोडा वेळ आहे, तुमच्या कामाचं चार शब्द बोला. प्रसादाच्या आधीच बोलायला मिळालं हे बरं झालं, कारण आमचा विषय जेवणाचाच आहे. आता थोड्या वेळानं पंगत बसेल. त्या पंगतीत जे बसू शकत नाही, पान मांडून घेऊ शकत नाही, वाढप्याला “अजून वाढ” म्हणू शकत नाही, अशा सहा महिने ते तीन वर्षं वयाच्या पोरांबद्दल आम्हाला बोलायचं आहे.

पहिली गोष्ट. कुपोषण म्हटलं की आपल्याकडं लोक लगेच म्हणतात, “ते मेळघाटात गो, आमच्या कोकणात कुठलं आलंय कुपोषण? घरचं भात, दारात माड, परसात फणस.” हे खरं आहे, की पोट पुढं आलेलं आणि हाडं दिसणारं मूल आपल्या वाडीत सहसा दिसत नाही. पण कुपोषण तेवढंच नसतं. वयाच्या मानानं उंची कमी राहणं, उंचीच्या मानानं वजन कमी असणं, अंगात रक्त कमी असणं, हेही कुपोषणच. ते डोळ्यांना दिसत नाही, फूटपट्टीला आणि काट्याला दिसतं.

२०१९-२१ साली झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे सांगतो. ते फक्त आदिवासी भागाचे नाहीत, आपल्या सगळ्या महाराष्ट्राचे आहेत. पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत ३५ मुलांची उंची वयाच्या मानानं कमी भरली. २५ ते २६ मुलं उंचीच्या मानानं रोड. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या शंभरातल्या जवळजवळ ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी. आणि सहा महिने ते दोन वर्षं या वयात ज्यांना पुरेसा आणि पुरेशा प्रकारचा आहार मिळतो अशी मुलं किती? शंभरात दहासुद्धा नाहीत. आता सांगा, दहातल्या नऊ बाळांचं जेवण अपुरं असेल, तर ती नऊ बाळं सगळी दुसऱ्याच्याच जिल्ह्यातली असतील का?

यावर आणखी एक बोलणं ऐकू येतं. “बाप बुटका, आजा बुटका, पोर उंच कुठून व्हायचं?” मोठेपणी किती उंच व्हायचं त्यात घराण्याचा वाटा आहेच. पण पाच वर्षांपर्यंतचं तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली, नीट खायला मिळालेली, आजारपणात काळजी घेतलेली बाळं मोजली. गोरी, काळी, सावळी, सगळी बाळं पाच वर्षांपर्यंत जवळजवळ सारखीच वाढली. त्यावरूनच २००६ साली वाढीचे तक्ते झाले आणि तेच आज आमच्या अंगणवाडीत आहेत. म्हणजे लहानपणी खुंटलेली वाढ नुसती रक्ताची नसते, ताटाची असते. आणि दोन वर्षांपर्यंत मेंदूचीही सर्वांत जास्त वाढ होत असते. त्या काळात जे राहिलं ते पुढं शाळेत शिकवणीला घालून भरून येत नाही.

म्हणून आम्ही हजार दिवसांचा हिशोब सांगतो. आईच्या पोटातले २७० दिवस आणि जन्मानंतरच्या दोन वर्षांचे ७३० दिवस. झाले हजार.

यातले पहिले २७० दिवस आईच्या ताटावर चालतात. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९०च्या दशकात गरोदर बायांचा अभ्यास केला. ज्या बाया पालेभाज्या, फळं, दूधदुभतं जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं जन्मताना जास्त भरलेली निघाली. पालेभाजी काही महागडं औषध नाही. आपल्याकडं पावसाळ्यात टाकळा, भारंगी, कुर्डू फुकट उगवतात, शेवगा आणि लाल माठ परसात होतो. पण ती भाजी सुनेच्या पानात किती पडते? आपल्या घरांत अजून सून शेवटी जेवते. तेव्हा टोपात उरतं काय, तर भात आणि कढणाचं पाणी. त्यात कोणी जाणती बाई सांगते, “कमी खा गो, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल.” माउली, हे खरं नाही. कमी खाल्ल्यानं बाळंतपण सोपं होत नाही, बाळ अशक्त होतं आणि बाईचं रक्त कमी होतं. आपल्या जिल्ह्यातच, चिपळूण तालुक्यात, डेरवणच्या वालावलकर रुग्णालयानं कोकणातल्या किशोरवयीन मुलींचा अभ्यास केला, त्यात कितीतरी मुली कमी वजनाच्या आणि कमी उंचीच्या आढळल्या. आजची ती अशक्त मुलगी उद्याची आई आहे. म्हणजे कुपोषण आपण आईकडून लेकीकडं असं वारसानं देत चाललो आहोत.

इथं उपवासाचं बोलतो. रागावू नका. आम्हीही एकादशी करतो. पण गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, लहान मूल आणि आजारी माणूस यांना आपल्या जुन्याजाणत्या मंडळींनी उपवासातून नेहमीच मोकळं ठेवलं आहे. तरी सासू उपवास करते म्हणून सातव्या महिन्यातली सून तोंड मिटून उपवास करते, आणि घरात काही शिजलं नाही म्हणून दीड वर्षाचं पोर दिवसभर साबुदाण्याच्या खिचडीवर राहतं. साबुदाण्यात पीठ सोडलं तर विशेष काही नाही. ज्याला आपण माउली म्हणतो त्या विठोबाला हा उपास पावेल असं आम्हाला वाटत नाही. घरातल्या मोठ्या बाईनं आपणहून सांगितलं पाहिजे, “बाय, तुझा उपवास मी धरते, तू जेव.” हे सासूनं सांगितलं तरच सून जेवेल. आम्ही सांगून भागत नाही.

आता जन्मानंतरचे ७३० दिवस. पहिल्या तासात अंगावर घ्यायचं, पहिलं चिकाचं दूध टाकायचं नाही, सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, गुटी नाही, मध नाही. एक वर्षाच्या आत मध तर द्यायचाच नाही. हे आता पुष्कळ घरांत पाळलं जातं. खरी घसरण होते ती सहा महिन्यांनंतर. तोवर गुटगुटीत दिसणारं बाळ नवव्या-दहाव्या महिन्याला वजनाच्या तक्त्यावर आडवं चालायला लागतं आणि मग खाली येतं. का?

कारण सहा महिन्यांनंतर नुसतं दूध पुरत नाही, आणि आपण वरचं देतो ते पातळ देतो. भाताची पेज. वरणाचं वरचं पाणी. चहात बुडवलेलं बिस्कीट. बाळाचं पोट केवढं? त्याच्याच मुठीएवढं समजा. त्या एवढ्याशा पोटात पातळ पेज भरली तर ते भरतं खरं, पण त्यात पाणीच जास्त. बाळ गप्प होतं, आपल्याला वाटतं पोट भरलं. ओळखायची खूण सोपी आहे. चमचा तिरका केला आणि त्यावरचं ओघळून गेलं, तर ते पातळ. चमच्यावर ठरलं, तर ते बाळाचं जेवण.

किती द्यायचं तेही सांगतो. सहा महिने पुरे झाले की दोन-तीन चमचे मऊ घट्ट खाणं, दिवसातून दोन-तीनदा, आणि आठव्या महिन्यापर्यंत एका वेळेला अर्धी वाटी. नऊ ते अकरा महिने, अर्धी वाटी, तीन-चार वेळा. वर्षाचं झालं की पाऊण ते एक वाटी, तीन-चार वेळा, आणि मधे एक-दोनदा फळ, उकडलेला बटाटा, लाडू असं काही. वाटी म्हणजे पाव लिटरची, भांड्यातली छोटी वाटी नव्हे. आणि दोन वर्षं होईपर्यंत, पुढंही, आईचं दूध चालूच.

काय द्यायचं? दुकानात जायची गरज नाही. आपली नाचणी घ्या. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच तांदळात दहाच्या आसपास. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, भाजून दळायची. मोड आल्यानं खीर घट्ट शिजवली तरी बाळाला गिळायला मऊ राहते आणि अंगी लागते. दोन वाट्या नाचणीला एक वाटी भाजलेली मूगडाळ, थोडं शेंगदाण्याचं बारीक कूट. शिजवताना वरून चमचाभर तूप, तेल किंवा नारळाचं दूध. कुळथाची घट्ट पिठी भातात कालवून. शेवग्याचा पाला वरणात बारीक चिरून. पपई, पिकलं केळं, आंब्याच्या दिवसांत आंबा, उकडून कुस्करलेली फणसाची आठळी. केळं थंड पडतं म्हणून बाळाला नको, हे मनातून काढा. शेंगदाणा मात्र अख्खा देऊ नका, घशात अडकतो.

ज्यांच्या घरी चालतं त्यांनी अंडं द्यावं, सुकट भाजून तिची पूड भातात घालावी. आपल्यात माळकरी घरं पुष्कळ. त्यांनी डाळ, दूध, दही, तीळ, शेंगदाणा हे रोज चुकवू नये, आणि जेवणासोबत लिंबू, आवळा, पेरू असं काहीतरी आंबटगोड द्यावं, त्यानं पालेभाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा देऊ नये, तो लोह अडवतो. रक्तवाढीचं औषध आम्ही देतो, आठवड्यातून दोनदा एक-एक मिलिलिटर. ती बाटली फळीवर तशीच राहिलेली आम्हाला कितीतरी घरांत दिसते. ती देवापुढं ठेवा हवी तर, पण बाळाच्या पोटात जाऊ द्या.

आता आपल्या रत्नागिरीचं वर्ष बघा. इथं तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो, आणि तरी वैशाखात वरच्या वाड्यांना टँकरनं पाणी येतं. पाणी कमी म्हणजे हात धुणं कमी. मग मृग लागतो, विहिरी गढूळ होतात, आणि त्याच वेळी लावणी सुरू होते. बाप मुंबईला. आई पहाटे चिखलात उतरते ती अंधार पडताना वर येते. बाळ आजीजवळ. आजीचे गुडघे धरलेले, चूल ओली. ज्येष्ठ-आषाढात आमच्या तक्त्यांवर एकामागून एक बाळाची रेघ आडवी होते. दरवर्षी. आपण वारीला निघतो ते नेमके हेच दिवस.

आमच्याच एका वाडीतलं सांगतो, घराचं नाव घेत नाही. अकरा महिन्यांचं बाळ. लावणीच्या दिवसांत दोनदा जुलाब झाले. आजीनं जुन्या रीतीप्रमाणं सगळं बंद करून पेजेवर ठेवलं. आम्ही दंडाला पट्टी लावली, ११.८ सेंटिमीटर. पट्टीचा पिवळा रंग. आजी म्हणाली, “आमची पोरं काय अशीच वाढली नाय का गो?” तिला सहा मुलं झाली होती, चार जगली. आम्ही काही बोललो नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, “दोन गेली ती याच वयात.” मग तिनंच विचारलं, “सांग काय करायचं.” डॉक्टरांकडं नेलं, चौदा दिवस झिंकची गोळी, मीठसाखरेचं पाकिट उकळून गार केलेल्या पाण्यात. खाणं बंद करायचं नाही, उलट जुलाब थांबल्यावर दोन आठवडे एक जेवण जास्त. आईनं पहाटे आणि रात्री अंगावर पाजायचं, मधे आजीनं पाच वेळा भरवायचं. शेजारची शाळेतली मुलगी दुपारी येऊन आजीला हात द्यायची. गणपती आले तेव्हा पट्टी १२.६ वर होती, हिरव्या रंगात. त्या घरात पैसा वाढला नव्हता. वाटी वाढली होती, आणि भरवणारा हात ठरला होता.

ही पट्टी आज आम्ही सोबत आणली आहे, प्रसादानंतर बघा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाला लावायची. साडेबारा सेंटिमीटर किंवा जास्त, हिरवा. साडेअकरा ते साडेबारा, पिवळा, सावध व्हा. साडेअकराच्या खाली, लाल, आणि दोन्ही पावलांना सूज असली तरी लालच. लाल म्हणजे त्याच दिवशी आरोग्य केंद्र. तिथून गरजेप्रमाणं गावातल्या ग्राम बालविकास केंद्रात जास्तीचा आहार, नाहीतर मोठ्या रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात भरती. अशा वेळी “लावणी आटपू दे मग बघू” म्हणायचं नाही. आणि वजन केल्यानं दृष्ट लागत नाही. आपण पायलीनं भात मोजतो, तोळ्यानं सोनं मोजतो. घरातलं सर्वांत मोलाचं तेवढं मोजायचं नाही, असं कसं?

माउली, पालखी सोहळ्यातली एक रीत तुम्हाला आमच्यापेक्षा चांगली माहीत आहे. मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतो आणि सगळे टाळ थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिकडं जातो, ऐकून घेतो. लाखोंच्या समाजात एका दिंडीचीही तक्रार बुडत नाही. कुपोषित बाळाचं उलटं असतं. त्याच्यात रडायचीही ताकद राहत नाही. ते गप्प पडून असतं आणि आपण म्हणतो, “किती गुणी पोर, त्रास म्हणून नाही.” ज्याचा टाळ वाजत नाही, त्याच्यापर्यंत चोपदारानं आपणहून जायला हवं. आमचं घरोघरी फिरणं एवढ्यासाठीच असतं.

हे नुसत्या सरकारी माणसांनी होतं असं नाही. जामखेडला १९७० साली डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे आले. त्यांनी खेड्यातल्याच, पुष्कळशा निरक्षर बायांना शिकवून आरोग्यसेविका केलं, शेतकऱ्यांची मंडळं उभी केली, सगळ्या जातींच्या बाया एका सतरंजीवर बसवल्या. सुरुवातीला तिथं हजारातली १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती आणि शंभरातली ४० मुलं कुपोषित होती. त्यांच्याच नोंदी सांगतात, की पंचवीस वर्षांत ते बालमृत्यू तिसाच्या खाली आले आणि कुपोषित मुलं पाचाच्या आसपास राहिली. मोठं रुग्णालय होतंच, पण बदल झाला तो घराघरांत जाणाऱ्या बायांनी.

आपल्या राज्यानं २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केलं. दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मध्ये शंभरात ३९ होतं, ते २०१२च्या पाहणीत २३-२४ वर आलं. सात वर्षांत एवढं खाली येतं, म्हणजे हे होण्यासारखं आहे. पण पुढं बघा. पाच वर्षांखालच्या मुलांचा आकडा २०१५-१६ साली ३४ होता, तो २०१९-२१ साली ३५. थांबला तो थांबलाच. एकदा पंढरपूर केलं म्हणून वारी संपत नाही, दरवर्षी चालावी लागते. हेही तसंच. दरवर्षी नवी बाळं जन्मतात, दरवर्षी नवी लावणी येते.

गाडगेबाबा कीर्तनाला उभं राहण्याआधी हातात खराटा घेत. आज पालखी मार्गावर निर्मल वारीत शौचालयं उभी राहतात आणि वारकरी ती वापरतात. म्हणजे वारकऱ्यानं मनावर घेतलं की रीत बदलते. म्हणून या शताब्दीला आम्ही दिंडीकडं पाच गोष्टी मागतो. पैसा मागत नाही.

एक. दिंडीत जशी माणसांची यादी असते, तशी प्रत्येक वाडीतल्या दोन वर्षांखालच्या बाळांची आणि गरोदर बायांची यादी भजनी मंडळाकडं असावी. वाडीत अशी बाळं फार फार तर आठ-दहा. त्यातलं एकही महिन्याच्या वजनाला चुकू नये. चुकलं तर टाळकऱ्यांपैकी कोणीतरी त्या घरी जाऊन विचारावं.

दोन. एकादशीच्या भजनाला मंदिरात येणाऱ्या आज्यांनी महिन्यातून एकदा अर्धा तास आमच्याजवळ बसावं. बाळाला भरवणारा हात तुमचा आहे. सुनेला शंभरदा सांगण्यापेक्षा तुम्हाला एकदा पटलं तर काम होतं.

तीन. लावणीच्या दोन महिन्यांत वाडीवाडीत आळीपाळीनं बाळं सांभाळावीत. एका पडवीत पाच-सहा बाळं, दोन आज्या, एक मोठी मुलगी, आणि ठरलेल्या वेळी घट्ट खीर. वारीत आपण भिशी काढून शेकडो माणसांचा स्वयंपाक करतो. पाच बाळांची खीर आपल्याला जड नाही.

चार. चाकरमानी बंधूंनो, गणपतीला येताना बिस्किटांचे पुडे आणि पाकिटातला खाऊ आणू नका. शेंगदाणे आणा, खजूर आणा, डाळ आणा. आणि गावी आहात तितके दिवस एक वेळ बाळाला तुम्ही भरवा. बापाच्या हातानंही बाळ जेवतं.

पाच. प्रत्येक घरात बाळाची वाटी-चमचा वेगळा असावा. आईच्या ताटातले चार घास खाल्ले तर किती खाल्लं ते कळत नाही. वेगळी वाटी असली की कळतं. भरवण्याआधी साबणानं हात धुवावा, आपलाही आणि बाळाचाही. या शताब्दीच्या निमित्तानं घरटी एक वाटी काढून ठेवा, त्यावर नाव घाला हवं तर.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ही दिंडी काढली त्यांच्या घरांत किती बाळं जन्मली आणि त्यातली किती मोठी होऊन वारीला चालली, याचा हिशोब कोणी ठेवला नाही. आज आपल्याजवळ काटा आहे, पट्टी आहे, औषध आहे, नाचणी तर होतीच. यंदा आपल्या वाड्यांत जन्मलेलं बाळ वीस वर्षांनी टाळ घेऊन उभं राहील. त्याच्या पायांत पंढरपूरपर्यंतचं बळ असेल की नाही, ते पुढच्या दोन वर्षांत आपल्या चुलीवर ठरायचं आहे.

आता पंगत बसेल. आज एवढंच करा. जिथं जिथं लहान पोर मांडीवर असेल, तिथं वाढप्यानं त्या पोराचं पान वेगळं मांडावं, भात मऊ कुस्करून वर वरण घट्ट वाढावं, आणि ते जेवून झाल्यावरच आपण हात धुवायला उठावं.